झाकून ठेवलेला वाटा

कुंडलच्या शिवारात चहूकडं ऊस, आणि उसाच्या पोटात संयोगिताची दोन एकर द्राक्षं. त्या द्राक्षांच्या कडेला घर, घरामागं परडं, आणि परड्यात सासऱ्यांच्या वेळचं, जमिनीत खणलेलं जोंधळ्याचं पेव. आता त्यात जोंधळा नव्हता. पंधरा वर्षं त्या गार अंधारात दोनच बाटल्या निजलेल्या होत्या.

उन्हं कलली तसं संयोगितानं पेवावरची फरशी सरकवली. आतली कोंडलेली हवा निघून जाऊ दिली, मग कंदील सोडला. ज्योत तगली. उदयसिंहानं शिडी धरली.

"एवढं नाजूकपणानं तर आमी बॉम्ब पण न्हाई उचलला कवा," तो वरून म्हणाला. फौजेतून येऊन त्याला दोनच वर्षं झाली होती.

"कालच उभ्या करून ठेवल्यात. हिंदकळल्या तर तळाचा गाळ वर येतो," ती खालून म्हणाली. "आणि ऐका. एवढी जुनी वाईन उघडली की अर्धा तास जगते. वारं लागलं की आधी फुलते, मग मरते. सगळ्यांनी एकदम बसायचं. मी पण."

"व्हय की. बस की. कोण नको म्हणतंय."

लग्नाआधी ती शिकायला म्हणून फ्रान्सात, बोर्दोकडच्या एका खेड्यात वर्षभर राहिली होती. ओडेट नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या घरी. निघताना ओडेटबाईनं आपल्या नवऱ्याच्या हातच्या दोन बाटल्या तिच्या ओटीत घातल्या. एक ब्याऐंशी सालची, एक पंच्याऐंशीची, संयोगिताच्या जन्मसालची. आता त्या मळ्याचा वंश बुडाला होता. तसली बाटली मागून मिळणारी नव्हती. 'एकटीनं पिऊ नकोस. जेवताना, मैतरांबरोबर,' एवढंच ती बाई बोलली होती. आणि संयोगितानं ते कुलदेवतेच्या नवसासारखं पाळलं होतं. औंदा तिच्या स्वतःच्या द्राक्षांची पहिली वाईन पिंपात उतरली होती. ती कशी व्हायला पाहिजे हे कळायला एकदा तरी ही जुनी जिभेवर यायला हवी होती. म्हणून तिनं सांगलीहून भार्गवीला, कॉलेजातल्या मैत्रिणीला, नवऱ्यासकट जेवायला बोलावलं होतं.

उदयसिंहानं मग आपल्या दोन दोस्तांना बोलावलं. ऋषिराज आणि जयराज. घरात न विचारता, पण लय आनंदानं.

ओसरीवर सतरंजी अंथरली गेली. भार्गवीचा नवरा वरद, ऋषिराज, जयराज आणि उदयसिंह मांडी घालून बसले. संयोगितानं ब्याऐंशीची बाटली उघडली. चाळणीतून, श्वास रोखून, पाच पेले भरले, सहावा भार्गवीसाठी. रंग जुन्या विटेचा. तिनं आपला पेला उचलला, नाकाशी नेला. वाळल्या बोरांचा वास, आणि त्याच्या मागून अजून कुणीतरी दाराशी आल्यासारखं.

"संयोगिता," आतून सासूची, बनुबाईंची हाक आली. "पीठ मळून पडलंय. पुरुषांची पंगत बसली, तव्यावर कोण? आणि त्या पाव्हणीला घिऊन ये. एकट्या माज्यानं व्हतंय व्हय?"

"आलेच, आत्या. एक घोट."

"आगं, रस्सा निवला."

"जा की," उदयसिंह म्हणाला. "तुजं कोण नेतंय? हाय हितंच."

ती गेली. इथंच चुकलं, हे तिला तव्यावर पहिली भाकरी टाकतानाच कळलं. पुढची भाकरी, मग कांदा, मग वरदला पांढरा रस्सा, मग जयराजला लिंबू. दर खेपेला ओसरीवरून हसण्याचा आवाज येत होता.

"गड्या, ही तर आमच्या कँटीनच्या रमपुढं पाणी हाय," ऋषिराज म्हणत होता. "सोडा घाल रं हिच्यात."

"घाला, घाला," वरद म्हणाला. "पण तशी बरी आहे."

भार्गवी परातीशी बसून कांदा चिरत होती. "संयु, आपण इथं काय करतोय गं?" ती हळूच म्हणाली. "मी दहा वर्षं ऑफिसात माणसं हाकते, आणि तुझ्या सासूनं हाक मारली की कांदा चिरते."

संयोगितानं भाकरी उलटली. बनुबाई चुलीपुढं जुनी ओवी गुणगुणत होत्या, पीठ मळताना सवयीनं तोंडी यायची ती:

सासरी नांदते बाई, जसा पेवातला दाणा
वर माती लिंपलेली, कोन पुसतो ठिकाणा

रोज कानावरून जाणारी ती ओवी आज तिला चटक्यासारखी लागली.

पंगतीचा पहिला वाढा आटोपला तशी ती ओसरीवर आली. तिचा पेला जागेवर नव्हता.

"हाय, हाय," उदयसिंह कौतुकानं म्हणाला. कोनाड्यातला स्टीलचा तांब्या काढला, त्यावरची ताटली उचलली. "तुजा न् भार्गवी वहिनींचा वाटा. ऋष्या ओढत व्हता, मी दिला न्हाई. झाकून ठिवलाय."

तो खोटं बोलत नव्हता. या घरात बायकांचं कालवण असंच ठेवतात, झाकून, तळाशी राहिलेलं, आणि ठेवणाऱ्याला वाटतं आपण माया केली. तिनं तांब्या तोंडाला लावला. आंबट पाणी. निवलेल्या चहासारखं, जिभेवर न थांबणारं. दाराशी आलेलं ते कुणीतरी केव्हाच माघारी गेलं होतं.

"सकाळी शिळं कालवण गरम करून खाते तसं हे गरम करू का?" तिनं विचारलं.

"आता काय झालं?"

"मेली ती. शिडी धरून व्हय व्हय म्हणत होतात, तेव्हा कान कुठं होते?"

"लोकांपुढं नको," तो आवाज दाबून म्हणाला. "दुसरी हाय की आजून. ती आण. जेवणाचा दुसरा वाढा हुतोय तवर घिऊ."

ती आत गेली. पंच्याऐंशीची बाटली उचलली. स्वतःचं ताट वाढून घेतलं. "भार्गवी, तुझंही घे," म्हणाली.

"आन् भाकरी?" बनुबाईंनी विचारलं. "पुरुषांचं अजून व्हायचंय."

"तव्यावर हाय, आत्या."

ती ओसरीवर आली आणि ऋषिराज आणि जयराजच्या मध्ये ताट ठेवलं. दोघं नकळत सरकले. भार्गवी समोर, वरदच्या शेजारी बसली. संयोगितानं बूच काढलं. भुसभुशीत, चाळीस वर्षांचं, तिच्याच वयाचं. आधी आपला पेला भरला. मग भार्गवीचा. मग बाकीच्यांचे.

"सोडा आणू का वहिनी?" ऋषिराज म्हणाला.

"आणलास तर पेला हिसकावून घेईन, भावजी."

तिनं घोट घेतला. आधी पेव उघडल्यावर येतो तो वास. मग गुऱ्हाळ बंद झाल्यावर चुलाण्यात राहिलेली राख, वाळलेलं गुलाबाचं फूल, आणि या सगळ्याच्या तळाशी आंबटपणाची एक ताठ, न मोडलेली शीर. माझ्या पिंपात ही शीर नाही, हे तिला तिथंच कळलं. द्राक्षं आठवडाभर आधी तोडायला हवी होती. हे कळायला पंधरा वर्षं लागली, आणि एका भाकरीपायी तेही हुकलं असतं. संताप उतरला नाही. उलट त्याला चव आली.

आतून करपल्याचा वास आला. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग दाराकडं. दारात बनुबाई उभ्या होत्या, हात पिठाचे.

"भाकरी जळतीय," जयराज म्हणाला.

"व्हय," संयोगिता म्हणाली, आणि दुसरा घोट घेतला.

बनुबाईंनी सुनेकडं पाहिलं, पंगतीकडं पाहिलं. त्या आत गेल्या नाहीत. उंबऱ्यावरच, भिंतीला टेकून बसल्या. "माजं गुडघं दुकत्यात," म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही.

वास वाढला. शेवटी उदयसिंह उठला. पेला भरलेला, अजून तोंडाला न लावलेला. दारापाशी थबकून तो वळला.

"माजी राहू द्या," तो म्हणाला. "आलोच."

संयोगितानं तांब्याची ती ताटली उचलली आणि त्याच्या पेल्यावर ठेवली.

"सावकाश या," ती म्हणाली. "झाकून ठिवलीय."