सैनिकाशी नातं : स्वतः

मी एक फाईल बोलतेय. निळ्या प्लास्टिकची, तोंडाला टिचबटण असलेली. तुमच्याही कपाटात माझी एखादी बहीण असेल. फायलींना वाचता येत नाही, असं लोक धरून चालतात. पण जे कागद वर्षानुवर्षं पोटात ठेवायचे, ते न वाचता राहवेल कसं? मला तर आधीपासूनच सगळ्याची भारी उत्सुकता.

भूमच्या आठवडी बाजारात सुमनबाईंनी मला घेतलं. त्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस. लेक संघप्रिया नुकतीच दहावी झालेली. तिची गुणपत्रिका हा माझा पहिला कागद. मग बारावीची आली, भरतीचं प्रवेशपत्र आलं आणि एक दिवस नेमणुकीचं पत्र. संघप्रिया लष्करी पोलिसांत शिपाई झाली. ते पत्र माझ्यात ठेवण्याआधी सुमनबाईंनी पदराला दोनदा हात पुसले.

पुढं तिचं लग्न झालं. नवरा अमरदीप, भूमच्या एसटी डेपोत कंडक्टर. मग माझ्यात निराळेच कागद येऊ लागले. गुळगुळीत, काळे-पांढरे, धुकं पडल्यासारखे. पहिल्यावर 'आठ आठवडे' लिहिलेलं. मी पुढच्याची वाट पाहत राहिले. आला तो गर्भ पडल्यावर दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद. वर्षभरानं पुन्हा तसंच.

हे सगळं ती सुट्टीत, गावाकडच्या खाजगी दवाखान्यात उरकायची. पलटणीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सुट्टी संपली की पट्टा आवळून पुन्हा छावणीच्या फाटकावर उभी. दारू पिऊन आलेल्या जवानाला नुसत्या नजरेनं सरळ करणारी ही बाई, मग एवढंच का लपवते? मला काही कळेना.

ते एका दुपारी कळलं. सुमनबाई ज्वारी निवडत होत्या.

"तुमच्या तिकडं लई मोठा दवाखाना हाय म्हणतीस. तिथं का दाखवीत न्हाईस?"

"तिथं दाखवलं की नोंद होते, आई. मग म्हणतील, बायांना घेतलं की हेच. फाटकावरनं काढून टेबलावरच्या कामाला बसवतील मला."

"म्हणतील, का म्हणाले?"

संघप्रिया सुपातले खडे वेचू लागली.

"शिपायाच्या बायकोचं सगळं बघत्यात ना? मग शिपाईच बाई असली तर तिचं बघत न्हाईत व्हय? इचारलंस का कुणाला?"

विचारलं नव्हतं. आणि खरं सांगते, उत्तर मलाही हवं होतं. माझ्यातल्या एकाही कागदावर ते नव्हतं.

संध्याकाळी अमरदीप तिला गुरुसिद्धप्पांच्या किराणा दुकानात घेऊन गेला. ते लष्करातले निवृत्त हवालदार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझी दोन्ही पोरं लष्करी दवाखान्यातच झाली," ते म्हणाले. "पण तवा शिपाई मी होतो. तुझं कसं असतंय, मला ठाव न्हाय पोरी. आमच्या टायमाला बाया नव्हत्याच. तू डॉक्टरला सांग. तोंडी नको, लेखी दे."

"आणि कामावरनं काढलं तर, काका?"

"गोळी लागलेला जवान जखम झाकून फिरतोय का?"

तिथंच, गुळाच्या ढेपेशेजारी, त्यांनी तिच्याकडून अर्ज लिहून घेतला. त्या कागदाला अजून गुळाचा डाग आहे.

सुट्टी संपल्यावर ती मला सोबत घेऊनच गेली. पलटणीच्या डॉक्टर होत्या कॅप्टन अर्पिता. त्यांनी माझ्यातले कागद एकेक करून पाहिले आणि विचारलं, "दोनदा झालं, आणि तू एक दिवसही आजारी रजा घेतली नाहीस?"

"नाही, मॅडम."

त्यांनी दोन्ही वेळचे कागद शेजारी शेजारी ठेवले. मग मोठ्या लष्करी रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी लिहिली.

अमरदीपही रजा काढून तिच्यासोबत आला. खिडकीवरच्या कारकुनानं त्यालाच हुद्दा विचारला.

"मी एसटीत आहे," अमरदीप म्हणाला.

कारकून गोंधळला. हात मात्र सवयीनं चालत होता. छापील अर्जात 'सैनिकाशी नातं' यापुढं त्यानं 'पत्नी' असं लिहूनही टाकलं होतं. संघप्रियानं पेन मागून घेतलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'स्वतः'. कारकुनानं एकदा अर्जाकडं पाहिलं, एकदा तिच्या हातातल्या ओळखपत्राकडं. मग शिक्का मारला. त्याची प्रत माझ्यात आली.

तपासण्या झाल्या. गर्भाशयात जन्मापासूनच एक पातळ पडदा होता, त्यामुळं गर्भ टिकत नव्हता. तो काढता येतो, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि काढलाही. तिची भीती अगदीच खोटी नव्हती. तीन महिने तिला खरंच टेबलावरच्या कामाला बसवलं आणि एका सुभेदारानं ऐकू जाईल असा टोमणाही मारला. ती त्या दिवशी जेवली नाही. पण तीन महिन्यांनी तंदुरुस्तीचा दाखला आला आणि ती पुन्हा फाटकावर गेली.

मग ते धुक्याचे कागद परत सुरू झाले. आठ आठवडे. बारा. वीस. मी प्रत्येक वेळी श्वास रोखून बसायची, फायलीला श्वास असतो तेवढा. अठ्ठावीस. छत्तीस. आणि मुलगी झाली.

बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा उद्या संपते. उद्या येडशीहून तिची रेल्वे, लेक मात्र इथंच आजीकडं राहणार. आज सकाळी तिनं मला चटईवर पालथी केली. तिचे सगळे कागद नव्या फायलीत गेले. माझ्यात परत ठेवलं एकच, लेकीचं लसीकरणाचं कार्ड.

"आई, कार्डावर तारखा लिहिल्यात, तेवढ्या बघ."

"गावच्या पोरांना लशीला न्यायचं काम केलं म्या. आता तू मला शिकवती व्हय?" सुमनबाई हसल्या. संघप्रियाही हसली, आणि मग लेकीला मांडीवर घेऊन किती तरी वेळ नुसती बसून राहिली.

माझं मागणं फार नाही. बायांनो, आजाराचे कागद माझ्यासारखीच्या पोटात दडवून ठेवू नका. आम्ही ते जपू शकतो, बरं करणं आमच्या हातात नाही.

बाकी माझं म्हणाल, तर मी आता लई हलकी झालेय. पोरीला दात येतायत. ती माझा कोपरा चावते आणि मी तो चावू देते. आत भरपूर जागा आहे. दुसरा कागद कुठला येतो, बघू.