फुकटचा वार

थोरलीनं शनिवारी दुपारी आपल्या पोलादीचा कागद स्वतःच्या हातानं फाडला. तो फाडायची काही गरज नव्हती, हे धाकटीला कळलं सोमवारी.

या दोघी जावा. त्यांच्या घरचं जेवणाचं टेबल शनिवारी ताटं उचलली की जेवणाचं राहत नसे. त्यावर चौकटी आखलेला मोठा कागद, वीस बाजूंचे फासे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक यायचं. राक्षस, भुयारं, मांत्रिक असा सगळा खेळ. तो चालवायची धाकटी. गोष्ट तिनं सांगायची, राक्षसांचे फासे तिनं टाकायचे आणि नियमाचा अर्थही तिनंच लावायचा. खेळायला थोरली आणि शेजारचे दोघं: एक शाळामास्तर, दुसरा औषधाच्या दुकानातला, त्याला सगळे गोळीवाला म्हणत.

थोरली लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्रीपाशी उभी असायची. घरात तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. टेबलावर मात्र ती कुऱ्हाडवाली पोलादी व्हायची. खुर्ची मागे सारून, कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि राक्षसांनाच काय, मास्तरांनाही दम द्यायची. दोन वर्षांत पोलादीची ताकद आणि जखमा मांडायचा कागद खोडरबरानं घासून घासून विरत आला होता.

त्या शनिवारी तीन राक्षसांनी गोळीवाल्याचा मांत्रिक लोळवला. पोलादी त्याच्या शेजारीच होती, पण जखमांनी जेरीला आलेली.

"मी वार करत नाही," थोरली म्हणाली. "तोंड राक्षसांकडेच ठेवते आणि याला ओढत ओढत दारापर्यंत मागे सरकते."

हातघाईत भिडलेला माणूस पाठ फिरवून पळाला की शत्रूला एक फुकटचा वार मिळतो. पण आपला वार सोडून, सावधपणे मागे सरकलं तर मिळत नाही. एवढं धाकटीला पाठ होतं. पण दोन्ही हात मांत्रिकाला ओढण्यात गुंतले असतील तर? तिनं पुस्तक उघडलं. आतल्या खोलीत तिच्या बाळानं भोकाड पसरलं. दात येत होते, सकाळपासून अंग कोमट लागत होतं.

"मागच्या खेपेला फासा खाली पडला, तर जावेला परत टाकू दिलात," मास्तर म्हणाले. "बघू, आज सरकार काय निकाल देतंय!"

"मास्तर, गप बसा हो! मी मरतोय इथं!" गोळीवाला ओरडला.

धाकटीचे कान तापले. पानाच्या तळापर्यंत नजर फिरवून तिनं पुस्तक मिटलं. "हात मोकळे नाहीत. म्हणजे सावध माघार नाही. तिन्ही राक्षसांना फुकटचा वार."

तिन्ही वार लागले. मांत्रिक दाराबाहेर निसटला, पोलादी मेली. जो मेला त्यानं आपला कागद आपणच फाडायचा, हा धाकटीचाच नियम. नीट घडी घालून, घडीवर नख फिरवून थोरलीनं कागद फाडला. मग उठून बाळाला घेतलं.

सोमवारी बाळाला पाजता पाजता धाकटीनं पुस्तक चाळलं आणि ते पान उलटलं. पलीकडच्या पानावर तिसरीच ओळ होती: जखमी सोबत्याला ओढत नेतानाही सावध माघार धरावी. बाळाच्या औषधाचे थेंब तीनतीनदा मोजणारी ती. तिच्याकडून एक पान उलटायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी थोरली कामावरून आली, तशी धाकटी पुस्तक घेऊनच पुढे झाली. "ताई, चुकलं माझं. हे बघा."

थोरलीनं पुस्तकाकडे पाहिलंच नाही. "तिसरी ओळ ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"कुऱ्हाड घेऊन फिरायचं तर तेवढं वाचायला नको?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोर रडत होतं, मास्तर टोचत होते. तुझं तोंड एवढंसं झालेलं. त्यात मीही पुस्तक काढून बसले असते, म्हणजे झालंच."

धाकटीनं पुस्तक मिटलं. "आपण नवा कागद लिहू. सगळं जसंच्या तसं."

"नको गं. मेली ती, सगळ्यांदेखत. आता उठवली तर मला ती तीच वाटायची नाही." तिनं बाळाच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप उतरला वाटतं."

पुढच्या शनिवारी धाकटीनं खेळ सुरू करण्याआधीच सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मास्तर ओशाळून म्हणाले, "चालायचंच, सरकार."

थोरलीनं कोरा करकरीत कागद पुढे सरकवला. तिरंदाज. नावाची जागा रिकामीच होती.

भुयारात राक्षस आले. मास्तर भिडले, मांत्रिक भिडला.

"मी इथंच लांब थांबते," थोरली म्हणाली. "इथून बाण लागेल ना?"

धाकटीनं अंतराचा नियम काढला. पान उलटून पलीकडचंही वाचलं. "लागेल, ताई."

थोरलीनं बसल्या बसल्याच फासा टाकला.