रानरेड्याच्या दिवसाचं पान

कितुईच्या शाळेत शिकवणाऱ्या स्योंबुआला जुन्या बाजारात एका गोऱ्या शिकाऱ्याचं पुस्तक मिळालं. तिचे आजोबा मुसेंबी तरुणपणी त्याची बंदूक वाहायचे.

"रानरेड्याच्या दिवसाचं वाच गं," आजोबा म्हणाले.

पानावर होतं, रेडा अंगावर आला तसा मुसेंबी पळाला. स्योंबुआ म्हणाली, "तुम्ही जागचे हलला नाहीत, असं लिहिलंय."

आजोबांचा चेहरा उतरला. "खोटारडा मेला! पळालो मी. उभा राहिला तो माझा भाऊ न्झिओका, आणि तिथंच गेला. त्याचं नावसुद्धा नाही?"

नाव पुढच्याच ओळीत होतं.

"आजोबा, खोटं मी बोलले," म्हणत ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. 'पळाला' ऐकताना त्यांनी मान खाली घातली. पण तिला थांबू दिलं नाही.