वाघाएवढा

भाऊजींच्या प्राणिबागेत मी मांस कापायचे, त्याला आता पन्नासएक वर्षं झाली असतील. ताईच्या लग्नानंतर मीही तिच्याकडेच राहायला गेले होते. आमच्या खोल्या पिंजऱ्यांच्या वरच होत्या. संध्याकाळी ताई माझे केस विंचरायची आणि खाली सिंह जांभया द्यायचा. ते दिवस मला अजून आवडतात. जग्वार येईपर्यंतचे.

भाऊजींनी त्याला न बघताच फाटकावर पाटी रंगवून घेतली होती : ‘वाघाएवढा जग्वार!’ पेटीतून उतरला तो आखूड पायांचा, रुंद छातीचा. डोकं मात्र हंड्याएवढं. बिबट्यापेक्षा चांगलाच भरलेला, पण शेजारच्या पिंजऱ्यातल्या वाघाच्या खांद्यालाही लागेना. लोक तिकीट काढून आत यायचे आणि खिदळायचे.

“अहो, हा तर बुटका बिबट्या!”

“पाटी पुसून टाका ना,” ताई म्हणाली.

“पाटी कशाला? त्यालाच वाढवू.”

“बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही, भाऊजी,” मी म्हणाले. “वाघ, सिंह, मग हा. तिसरा नंबर काय वाईट आहे?”

“मेव्हणीबाई, तुम्ही आपलं मांस कापा.”

मी काढून टाकलेली चरबी ते परत टोपलीत भरायचे. जग्वार खायचा, ओकायचा. त्यावर माश्या घोंघावायच्या. तो वास जिना चढून आमच्या उशांत शिरला. त्याचं पोट जमिनीला टेकलं, पाय होते तेवढेच राहिले.

डॉक्टर बजावून गेले, “खाणं निम्मं करा, नाहीतर मरेल.”

भाऊजींनी त्या रात्री टोपली आणखी भरली.

“तुमचंही पोट सुटलंय की,” ताई म्हणाली. “झालात का सिंह?”

भाऊजी हसले आणि त्यांनी ढेकर दिला.

एका सकाळी जग्वार उठलाच नाही. तोंड ओकारीत, डोळ्यांवर माश्या. भाऊजी आले ते टेप घेऊन.

“शेपटी जरा ताणून धरा. चार बोटं तरी वाढेल. कातड्यात पेंढा भरून घेऊ, पायांत लाकूड घालून उंची देऊ.”

मी शेपटी हातात घेतली. ती अजून कोमट होती.

“तुम्हीच ताणा,” म्हणत मी ती खाली ठेवली.

ताटात अळी निघावी तसं ताईनं नवऱ्याकडे बघितलं आणि जिना चढून बॅग भरायला घेतली. मीही भरली. आम्ही फाटकाकडे निघालो तेव्हा भाऊजी पिंजऱ्यात गुडघ्यांवर बसले होते. टेपचं टोक दातांत धरून एकटेच शेपटी ओढत होते.