तेराव्याचे जेवण

 बसमध्ये गाईड शिवशंकरने माईक नुसताच तोंडाशी धरला होता, कारण नांदेडहून निघालेल्या या सहलीत, सासरच्या माणसांसोबत, खिडकीशी त्याची मुलगी पुनम बसली होती. तिने परजातीत लग्न केले तेव्हा त्याने ती जिवंत असतानाच तिचे तेरावे घालून गावाला जेवू घातले होते.

"मालक, बॅटरी उतरली काय?" मागून कोणीतरी हसले.

मग तो बालाघाटाविषयी बोलत राहिला. उघडे काळे खडक, करपलेले गवत, पाणी न धरणाऱ्या घळी. प्रत्येक वाक्य तो तिच्याकडे पाहून बोलत होता. तिने काचेवरची नजर एकदाही वळवली नाही.

उदगीरजवळ हत्तीबेटाच्या पायथ्याशी सगळे उतरून चढणीला लागले. पुनम शेवटी उतरली.

"तुझी माय लई वाट बघून राहिली," तो हळूच म्हणाला. "एकवार घरी चल की."

तिने प्रथमच त्याच्याकडे पाहिले.

"बापू, माझ्या तेराव्याला माय जेवली होती का?"

वरून कोणीतरी गाईडला हाक मारली. शिवशंकर मान खाली घालून चढण चढू लागला.