डाव्या पायाचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी बुलेट आहे आणि फार भित्री आहे. हसू नका. दिसायला मी दांडगी, माझा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जातो, मला बघून गल्लीतली कुत्री बाजूला होतात. पण आतून माझा जीव एवढासा. जन्मापासून मी अशी नव्हते. मला घाबरायला लावलं माझ्याच घरच्या माणसाने, आणि तेही माझ्यावर फार जीव होता म्हणून.

१९९० च्या दसऱ्याला मी नाशिकजवळ मखमलाबादला आले. मला घेणारे सावळीराम फुलशेतीवाले. पहाटे माझ्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या गोण्या बांधायच्या, मागे त्यांच्या पत्नी नवसाबाई दोन्ही पाय डावीकडे सोडून, मांडीवर शेवंतीची टोपली घेऊन बसायच्या, की आमची स्वारी निघाली फुलबाजाराला. नदीकडचा उतार आला की नवसाबाईंची नजर खाली. सावळीरामांचा डावा पाय ब्रेकवर गेला का, हे त्या बघून घ्यायच्या. अकरा वर्षं रोज बघितलं. गाडी चालवली कधी नाही, पण माझा ब्रेक त्यांना माहीत होता.

इथे एक गोष्ट नीट ऐका, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझा ब्रेक डाव्या पायाला आहे आणि गिअर उजव्या पायाला. हल्लीच्या गाड्यांचं बरोब्बर उलट असतं. त्यात माझी आणखी एक खोड. उजवा पाय खाली दाबला की माझा गिअर वर जातो, म्हणजे मी आणखी मोकळी पळते. आता विचार करा, एखाद्याने ब्रेक समजून उजवा पाय दाबला तर?

त्यांचा मुलगा ललित माझ्यावरच शिकला. सहा वर्षं माझ्यावरून ओझरच्या विमान कारखान्यात कामाला जायचा. पाय कसे लोण्यासारखे चालायचे त्याचे! मग १९९६ साली त्याला ऑस्ट्रेलियात पर्थला विमानदुरुस्तीची नोकरी लागली आणि तो गेला. दोन हजार एक साली सावळीराम वारले. ललित तेरा दिवस येऊन गेला, पण माझ्याकडे त्याला बघवलं नाही. मी पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिले. नवसाबाई दर शनिवारी फडक्याने मला पुसायच्या, आणि त्यांच्या सांगण्यावरून केरू मिस्त्री महिन्यातून एकदा येऊन मला सुरू करून जायचा. बाकी दिवस धूळ आणि चिमण्या.

२००४ च्या फेब्रुवारीत ललित तीन आठवड्यांच्या रजेवर आला. बायकोला रजा मिळाली नव्हती, म्हणून चार वर्षांच्या लेकीला, तेजस्विनीला, एकटाच घेऊन आला होता. आल्या आल्या त्याने ताडपत्री काढली आणि माझ्या टाकीवर हात ठेवला. मला वाटलं, चला, आपले दिवस फिरले.

फिरले खरे, पण कसे ते ऐका. अंगणातून फाटकापर्यंत जाईतो मला कळलं की हे पाय माझे राहिले नाहीत. फाटकापाशी थांबायला त्याने उजवा पाय दाबला. मी थांबण्याऐवजी पुढे गेले आणि रिकाम्या टोपल्यांच्या ढिगात घुसले. तेजस्विनी टाळ्या पिटायला लागली. ललितही हसला. पण त्याच्या हाताला सुटलेला घाम माझ्या मुठींना कळत होता.

दुसऱ्या दिवशी तो मला केरूकडे घेऊन गेला. केरूचे केस पांढरे झालेत, पण नजर घारीची. ललितने त्याला पर्थच्या गाडीचा फोटो दाखवला. निळी, चपटी, हँडल खाली, पोटावर वाकून चालवायची. मला हेवा वाटला नाही, खोटं कशाला बोलू? मला भीती वाटली. आठ वर्षं तो रोज तिच्यावर बसत होता.

केरूने फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हिचा ब्रेक कुठल्या पायाला?"

"उजव्या. तिकडं सगळ्यांचाच उजव्या."

"हितं पण आता नव्या गाड्यांचा उजव्याच. ही एकच उलटी राहिली. ललितभाऊ, आठ दिवस द्या, हिचा गिअर डावीकडं आन् ब्रेक उजवीकडं करून देतो. थोडी कापाकापी होईल."

"कापाकापी?" ललितचा चेहराच उतरला. "बाबांची गाडी आहे, केरूदादा. त्यांनी जशी ठेवली तशीच राहिली पाहिजे. आणि गाडी चालवायला कुणी विसरतं का?"

"विसरत नाय हो. नवं शिकलेलं मधी येतं." केरूने पुन्हा एकदा सांगून पाहिलं, मग हात टेकले. मी मात्र मनातल्या मनात केरूच्या पाया पडत होते. काप बाबा, पाहिजे तेवढं काप!

परत येताना द्वारका चौकात रिक्षा आडवी आली. पुन्हा तोच उजवा पाय. रिक्षावाला शहाणा, त्यानेच करकचून वळवली आणि शेलक्या शिव्या हासडल्या. ललितने मला कडेला घेतलं. घरी गेल्यावर आईने विचारलं, "कशी चालती रे गाडी?" तर हा म्हणतो कसा, "मस्त! एक नंबर!"

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

रविवारी देवळ्याला जायचं ठरलं. नवसाबाईंचे भाऊ पुंजाराम तिथे राहतात, त्यांना नात दाखवायची होती. एसटीने जा की! पण नाही. सावळीराम दर वर्षी माझ्यावरून जायचे, म्हणून यानेही माझ्यावरूनच जायचं. त्या सकाळी मी सात किका खाऊनही सुरू झाले नाही. थंडी होती हे खरं, पण थोडं मुद्दामही होतं. आठव्या किकला माझा नाइलाज झाला. नवसाबाई नेहमीसारख्या मागे बसल्या, तेजस्विनीला त्याने पुढे टाकीवर बसवलं. तिचे चिमुकले तळवे माझ्या टाकीवर टेकले.

ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. रस्ता सरळ, रहदारी बेताची. सोग्रस फाट्यावरून आम्ही देवळ्याकडे वळलो आणि मला वाटलं, निभावलं बहुतेक. मग भावडबारीचा घाट लागला. चढ झाला, उतार सुरू झाला. वारा लागला तशी पोरगी खिदळायला लागली, "पपा, अजून जोरात!"

वळण संपलं आणि समोर कांद्याने भरलेली ट्रॉली उभी. ट्रॅक्टर बंद पडला होता, चाकाखाली दगड लावलेले. उजवीकडे समोरून ट्रक येत होता, डावीकडे दरी.

ललितने उजवा पाय दाबला.

मी आणखी मोकळी झाले. त्याने आणखी जोरात दाबला. हाताचा ब्रेक आवळला, पण माझा पुढचा ब्रेक म्हणजे नुसता नावाला, तीन माणसांना उतारावर तो काय धरणार? ट्रॉलीच्या मागचा लोखंडी अँगल सरळ त्या पोरीच्या डोक्याच्या उंचीवर होता. मला तो दिसत होता. डावा पाय नुसता जागेवर बसून होता रे देवा, ब्रेकपासून चार बोटांवर! ओरडावं तर मला तोंड नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण मोडून पडावं, आत्ता, इथे, चेन तुटावी, चाक निखळावं, काहीही व्हावं. पण केरूने मला इतकं ठणठणीत ठेवलं होतं की माझा एक नटही हलला नाही.

"डावा! डावा पाय!" नवसाबाई ओरडल्या आणि त्यांनी ललितच्या डाव्या मांडीवर दोन्ही हातांनी असा रट्टा हाणला की त्याचा पाय खाली गेला, ब्रेकवर.

माझं मागचं चाक जाम झालं. मी घसरले, आडवी होत होत थांबले. अँगल आणि पोरीचं कपाळ यांच्यात वीतभर जागा होती.

नवसाबाईंनी नात उचलली, छातीशी धरली. मग दुसऱ्या हाताने लेकाच्या कानाखाली जाळ काढला. पस्तिशीच्या बाप्याला, ट्रॅक्टरवाल्यासमोर.

"आई, मला माहीत होतं," ललित रस्त्याच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडायला लागला. "आधी दोन वेळा असंच झालं. मी भ्यालो होतो. पण बाबांची गाडी मला येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"बापाची गाडी मिळती रे," नवसाबाई म्हणाल्या. "बापाचे पाय नाय मिळत. आन् त्यात लाज कसली?"

तेजस्विनी बापाकडे बघत होती. मग तीही रडायला लागली, कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. ललितने मला बंद केलं आणि हाताने धरून सगळा घाट उतरवलं. मागून आजी आणि नात पायी.

त्याच आठवड्यात केरूने मला कापलं. वेल्डिंग झालं, नव्या पट्ट्या लागल्या, गिअर डावीकडे गेला आणि ब्रेक उजवीकडे. दुखलं? दुखलं की! आता जुन्या गाड्यांचे शौकीन मला बघायला येतात आणि चुकचुकतात, "अरेरे, ओरिजिनल राहिली नाही, वाट लावली गाडीची!" लावू द्या वाट. ललित दोन-तीन वर्षांनी येतो, आधी अंगणात दहा चकरा मारतो, मग आईला विचारतो, "जाऊ का?" त्या हो म्हणाल्या तरच निघतो.

माझी भीती मात्र गेली नाही. कुणी टाकीवर लेकरू बसवलं की अजून माझा थरकाप होतो.

म्हणून सांगते, मित्रांनो. मला पुसा, तेल द्या, नका देऊ, तुमची मर्जी. मी लोखंड आहे, गंजेन नाहीतर भंगारात जाईन. पण तुम्हाला एखादी गोष्ट जमत नसेल, तिची भीती वाटत असेल, तर घरी सांगा. बापाची वस्तू असो, नाहीतर आजाची. घाटात मी गप्प राहिले, कारण मला तोंड नव्हतं. ललितला होतं.