शेवटाचं कार्ड

वाचकमंडळाच्या बैठकीत लेखिकाबाईंना मागच्या कोपऱ्यातली खुर्ची असे आणि तोंड उघडायची परवानगी नसे. हा नियम खुद्द बाईंनीच केला होता. त्यांच्या नदीच्या कादंबरीचा पहिला भाग आला तेव्हा चाहते तावातावानं भांडायचे, दोन सूर्यांखाली सावल्या किती पडतात, शाप किती पिढ्या टिकतो, आणि मग सगळे मान वळवून बाईंकडे बघायचे. त्यांनी उत्तर दिलं की भांडणाची मजाच संपायची. म्हणून ठरलं, की पुस्तकात असेल ते कार्डावर लिहायचं, कार्डावर असेल तेच खरं, आणि लेखिकेनं मुकाट बसायचं. याला तीस वर्षं झाली.

कार्डं लिहायचे कार्डकाका. औषधाच्या दुकानात काउंटरमागे जन्म गेलेला माणूस. डॉक्टरांची अक्षरं लावता लावता त्यांना दुसऱ्याचं अख्खं जग लावता यायला लागलं होतं. दुकान बंद झालं तेव्हा तिथलं लहान लहान खणांचं कपाट त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं, आणि गोळ्यांच्या नावांच्या जागी चिठ्ठ्या लावल्या: बोटी, शाप, वारे, मेलेले, मेलेले पण परत आलेले. बैठकही तिथेच भरायची. बाईंना लिहिताना अडलं की त्या काकांनाच फोन करायच्या, अहो, आपल्या राजाचा डोळा कुठला गेला होता? काका थांबायला सांगत, आणि मिनिटभरात डोळा सापडे.

सहावा भाग येऊन अकरा वर्षं झाली होती. सातवा, शेवटचा, येत नव्हता. नावाडीण हरवलेल्या लेकीच्या शोधात सहा भाग नाव वल्हवत होती, आणि लेक तिला भेटते की नाही हे बाईंनाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी त्या टेबलाशी बसत आणि दुपारी उठत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बैठकीत त्या गप्प बसल्या की चाहते कौतुकानं म्हणत, बघा, कशी गोष्ट पोटात ठेवून बसल्यात. बाईंच्या पोटात काही नव्हतं, भीती सोडली तर.

मग एका सकाळी काकांच्या मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी हात टेकले होते, काकांना घरी आणलं होतं. बाबांचं एकच मागणं आहे, ती म्हणाली. काय ते बाईंनी विचारलंच नाही.

बसच्या सहा थांब्यांत त्यांनी शेवट रचला. अकरा वर्षांत जे जमलं नाही ते सहा थांब्यांत जमलं, याची त्यांना लाज वाटली.

काकांची खाट कपाटाजवळच लावली होती. मुलगी चहा ठेवायला आत गेली, आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली. नदी आटते. नावाडीण नाव सोडून वाळूतून चालत निघते. पलीकडच्या काठावर लेक पाठमोरी उभी असते. आई हाक मारते, लेक वळून बघते. काका डोळे मिटून ऐकत होते. बाईंना वाटलं, सुटले.

"हाक कशी मारेल?" काका म्हणाले. "आवाज तर तिनं चौथ्या भागात दिला ना, नदीचं भाडं म्हणून."

ज्या पानावर लोक ढसाढसा रडले होते ते पान बाई साफ विसरल्या होत्या. तो आवाज परत मिळतो, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. काकांनी नुसता हात हलवला.

"म्हणजे लिहिलेलं नाही," ते म्हणाले. एखादं औषध दुकानात नाही, हे गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले.

बाईंना रडू फुटलं. "सुचत नाही हो काका. एक ओळ सुचत नाही. मला आता येतच नाही."

काकांनी शेवटचा खण उघडायला सांगितला. आत एकच कार्ड होतं, वर 'शेवट' एवढंच लिहिलेलं, खाली कोरं. अकरा वर्षं ते तसंच होतं आणि सगळ्या मंडळाला माहीत होतं. लिहा, 'माहीत नाही', काका म्हणाले, आणि सही करा. बाईंनी लिहिलं, सही केली. काकांनी कार्ड डोळ्यांना अगदी चिकटवून वाचलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटायचं, सगळ्यांना शेवट कळेल आणि मी एकटाच राहून जाईन."

कार्ड जागेवर ठेवायचं काम त्यांना दुसऱ्या कुणाकडून चालत नसे. बाईंनी पाठीला आधार दिला. काकांचा हात वर गेला आणि त्यांनी कार्ड वाऱ्यांच्या खणात सरकवलं. तीस वर्षांतली पहिली चूक होती ती. पण त्यांच्या चेहऱ्यावर काम संपल्याचं समाधान होतं, म्हणून बाई बोलल्या नाहीत.

आठवड्याभरात काका गेले.

पुढच्या बैठकीत कुणीतरी शेवटचा खण उघडला. तो रिकामा होता.

"म्हणजे बाईंनी काकांना सांगितला," मंडळातली सगळ्यात जुनी सभासद, एक नर्स, हळूच म्हणाली. "शेवट आहे. काका तो घेऊन गेले."

सगळ्यांनी माना वळवल्या. दोघातिघांचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यांवर आनंद होता. दारात काकांची मुलगी उभी होती, हात जोडून. बाबांना कळलं एकदाचं, असं काहीतरी ती म्हणत होती.

वाऱ्यांचा खण बाईंच्या खुर्चीपासून हातभर लांब होता. त्यांनी तोंड उघडलं.

"नियम, बाई," नर्सनं प्रेमानं त्यांचा खांदा दाबला.

बाईंनी तोंड मिटलं, आणि बैठक सुरू झाली.